नदीचं खोरं लिहायचंय, टिपायचंय? मग आधी व्ह्यू पॉइंटवरून खाली उतरा

खोऱ्यात फिरून आलेल्या कुठल्याही ग्रुपचे फोटो बघा, निम्मे तरी एकाच कठड्यावरून काढलेले असतात. खाली वळण घेत गेलेली नदी, वर आकाश, मध्ये हात पसरून उभं असलेलं कुणीतरी. आणि कुणी लेख लिहिलाच तर त्यात 'निसर्गाची कूस', 'धुक्याची दुलई' आणि 'चांदीचा पट्टा' हे त्रिकूट हमखास. यात वाईट काही नाही हो, पण हे सगळं घरी बसूनही लिहिता येतं. खोरं लेखकांना, कवींना, फोटोग्राफरना इतकं का ओढतं ते वरून कळत नाही, खाली पाण्याजवळ गेल्यावर आणि पाण्याबरोबर थोडं चालल्यावर कळतं, असं माझं ठाम मत आहे आणि हा सगळा लेख त्याच मतावर उभा आहे, तेव्हा ज्यांना कठडाच आवडतो त्यांनी इथेच थांबलं तरी चालेल.

मुळात खोरं तुम्हाला काय फुकट देतं ते बघा. नदीला वर आणि खाली असतं, म्हणजे लेखाला दिशा आयती मिळाली, सुरुवात कुठून करू हा प्रश्नच मिटला. दोन काठ असतात, म्हणजे इकडचं आणि तिकडचं आलं, आणि पलीकडचं नीट दिसतंय पण तिथे जाता येत नाही एवढ्या एका गोष्टीवर कवितेचं निम्मं काम होऊन जातं. आणि वेळ एकावर एक रचून ठेवलेली असते: वरच्या उतारावर नदीच्या जुन्या काठाच्या पायऱ्या, त्याखाली मागच्या पुराची खूण, त्याखाली कालची ओली वाळू, हे सगळं एकाच नजरेत. फोटोवाल्यांना शिवाय उजेड आणि सावली यांची भांडणं रोज सकाळ-संध्याकाळ बघायला मिळतात, ती सपाट जागी अशी मिळत नाहीत.

निघायच्या आधी नकाशा

इथे बरेच जण कंटाळा करतात. नुसतं सॅटेलाइट व्ह्यू बघून चालत नाही, उंचीच्या रेषा म्हणजे कंटूर दाखवणारा नकाशा उघडा. कंटूरची रेषा नदी ओलांडते तिथे तिला इंग्रजी व्ही सारखं टोक येतं आणि ते टोक नेहमी नदीच्या वरच्या बाजूला, उगमाकडे असतं, म्हणजे नदी कुठून कुठे वाहते हे नकाशावर लिहिलेलं नसलं तरी कळतं. रेषा एकमेकींना चिकटलेल्या दिसल्या की तिथे कडा, लांब लांब गेल्या की सपाटी, आणि एखाद्या वळणाच्या आतल्या बाजूला मोकळी जागा दिसली तर तिथे बहुधा वाळूचा किंवा गोट्यांचा पट्टा असणार, तिथे खूण करून ठेवा.

मग खोऱ्याची दिशा बघा. उत्तर-दक्षिण खोरं असेल तर सकाळी आधी पश्चिमेकडचा उतार उजळतो, संध्याकाळी पूर्वेकडचा, आणि तळाला थेट ऊन दुपारच्या आसपासच मिळतं. पूर्व-पश्चिम असेल तर उगवता किंवा मावळता सूर्य पाण्याच्या रेषेतच सापडण्याची शक्यता असते, आणि उत्तर गोलार्धात असाल तर दक्षिणेकडे तोंड असलेला उतार कोरडा, मोकळा आणि त्याच्या समोरचा, उत्तरेकडे तोंड असलेला, ओलसर, शेवाळलेला, गर्द असा फरक बऱ्याच ठिकाणी चक्क डोळ्यांना दिसतो. लेखकांनी हा फरक जरूर बघावा कारण एकाच नदीच्या दोन काठांवर दोन वेगळी हवामानं असणं हे कुठल्याही उपमेपेक्षा जास्त कामाचं आहे.

आणि ते फोनमधलं सूर्योदयाचं टायमिंग खोऱ्याच्या तळाला लागू नसतं. ते सपाट क्षितिजासाठी असतं, तुमच्यापुढे डोंगर उभा आहे. हात सरळ लांब करून मूठ धरली की ती साधारण १० अंश भरते, आणि सूर्य तासाला १५ अंश सरकतो, म्हणजे समोरचा डोंगर क्षितिजापासून एक मूठ उंच दिसत असेल तर तळाला ऊन कमीत कमी ४० मिनिटं उशिरा येणार, सूर्य तिरका चढत असेल तर आणखी उशिरा. संध्याकाळी उलटं, ऊन लवकर जाणार. हा हिशोब आदल्या दिवशी संध्याकाळी करून ठेवला की सकाळी अंधारात धावपळ होत नाही.

वरून एकदा बघून घ्या, पण तिथे राहू नका

वरचा पॉइंट टाळा असं मी म्हणत नाहीये. नदीचं वळण, तिचा एस आकार वरूनच कळतो, आणि तिथून काय निघू शकतं याचा पुरावा हवा असेल तर अ‍ॅन्सेल अ‍ॅडम्सने १९४२ मध्ये अमेरिकेत काढलेला स्नेक नदीचा फोटो बघा, पुढे वळणारी नदी, मागे टीटन पर्वतरांग, वर ढगांतून फुटणारा उजेड. १९७७ साली व्हॉयेजर यानांबरोबर पृथ्वीची ओळख म्हणून ज्या चित्रांची तबकडी अवकाशात पाठवली त्यात हा फोटोही आहे. पण गंमत बघा, आज त्याच कठड्यावर उभं राहिलं तर समोरची झाडं इतकी वाढलीत की नदीचं वळण बरंचसं झाकून गेलंय. म्हणजे ज्यांना तोच फोटो पुन्हा काढायचाय त्यांना तो मिळत नाही, आणि ज्यांना स्वतःचा हवाय त्यांना नाहीतरी दुसरी जागा शोधावीच लागते. तर वर अर्धा तास द्या, वळणं कुठे आहेत, पूल कुठे, पायवाट कुठून उतरते, कुठल्या ओढ्याचं पाणी येऊन मिळतंय ते कागदावर काढा, वाकडंतिकडं चालेल, आणि उतरा.

धुकं

धुक्यासाठीच खोऱ्यात जाणारे खूप असतात आणि अर्ध्यांना ते मिळत नाही, कारण ते नशिबावर सोडतात. खरं तर ते बऱ्यापैकी ओळखता येतं. रात्री आकाश निरभ्र असलं, वारा पडलेला असला आणि हवेत ओल असली की जमीन भराभर थंड होते, तिला लागलेली हवा थंड आणि जड होऊन उतारावरून घसरत खाली येते आणि तळाशी साठते, वर त्यामानाने उबदार हवेचं झाकण बसतं, त्यात नदीचा ओलावा असतोच. म्हणून पहाटे खोरं काठोकाठ भरलेलं आणि डोंगरमाथे कोरडे असं दिसतं. आदल्या दिवशी पाऊस पडून रात्री आकाश मोकळं झालं असेल तर गजर लावून झोपाच. उलट रात्रभर ढग असतील किंवा वारा सुटला असेल तर खुशाल झोपा.

फोटोवाल्यांनी सूर्योदयाच्या आधी धुक्याच्या थराच्या थोडंसं वर पोचायचं, फार वर नाही, कारण फार वर गेलं की नुसता कापूस दिसतो. थराच्या काठावर उभं राहिलं की झाडांचे शेंडे आत-बाहेर होताना दिसतात. वाइड लेन्सपेक्षा टेलिफोटो, म्हणजे लांबचं जवळ आणणारी लेन्स, इथे जास्त उपयोगी, एकामागून एक फिकट होत गेलेले उतार त्यात चपटे होऊन जवळ येतात. कॅमेऱ्याला धुकं पांढरं आहे हे कळत नाही, तो त्याला राखाडी करून टाकतो, म्हणून एक्स्पोजर, म्हणजे फोटोत येणारा उजेड, पाऊण ते एक स्टॉप वाढवा (एक स्टॉप म्हणजे उजेड दुप्पट), फोनवर असाल तर स्क्रीनवर बोट दाबून लॉक करा आणि उजेडाची खूण वर सरकवा.

लिहिणाऱ्यांना एकच विनंती, दुलई आणि चादर दोन्ही घरी ठेवून या. धुकं काय काय झाकतं ते सगळ्यांना माहितेय, ते सुटताना पहिल्यांदा काय दिसतं ते लिहा. कधी विजेचा खांब दिसतो आणि त्याची तार दोन्ही बाजूंनी कशालाच जोडलेली नसते. कधी पलीकडच्या काठावरचा माणूस कमरेपासून वर दिसतो. क्रमाने नोंद करा, आधी काय, मग काय, मग काय. बऱ्याचदा तो क्रम हीच कविता असते, तुम्हाला फक्त मधले शब्द काढायचे असतात.

आता पाण्याजवळ

वळणावर जा. सरळ पात्रात काही घडत नाही असं नाही, पण वळणावर सगळं उघड होतं. बाहेरच्या बाजूला पाणी जोरात, खोल, काठ खणत जाणारं, तिथे झाडांची मुळं हवेत लोंबताना दिसतात. आतल्या बाजूला पाणी संथ, तिथे ते सोबत आणलेली वाळू-गोटे टाकून देतं. उभं राहायचं ते आतल्या बाजूला, एक तर फोरग्राउंड मिळतं आणि दुसरं म्हणजे बाहेरचा काठ खालून पोखरलेला असू शकतो, वरून हिरवं गवत आणि खाली पोकळ.

आणि मग खाली बसा. उकिडवं बसा, मांडी घाला, काहीही, पण डोळे गुडघ्याच्या उंचीवर आणा. गोट्यांच्या पट्ट्याकडे नीट बघितलं तर चपटे गोटे विस्कटून पडलेले नसतात, एकमेकांवर रेलून बसलेले असतात, पडलेल्या पत्त्यांच्या ओळीसारखे, आणि त्या सगळ्यांचा उतार नदीच्या वरच्या बाजूकडे असतो. पाण्याने ढकलून ढकलून त्यांना तसं बसवलेलं असतं. म्हणजे नदी पूर्ण आटलेली असली तरी ती कुठून आली होती हे गोटे सांगतात. पाण्याच्या रेषेपाशी एक ओला आणि एक कोरडा गोटा शेजारी ठेवून बघा, ओल्यात हिरवट, तांबूस, काळ्या रेघा दिसतात आणि कोरडा मात्र नुसता मातकट, कारण कोरड्याच्या खडबडीत पाठीवर उजेड सगळीकडे विखुरतो आणि ओल्यावर पाण्याचा पातळ थर ती पाठ गुळगुळीत करतो. मग मान वर करून झाडं बघा, फांद्यांत कुठपर्यंत वाळकं गवत आणि प्लास्टिकच्या चिंध्या अडकल्यात. तिथवर पाणी आलं होतं. कधी ती चिंधी तुमच्या डोक्याच्या बरीच वर असते, आणि मग ज्या जागी तुम्ही आरामात बसलाय त्या जागेबद्दल वेगळंच वाटायला लागतं. मला विचाराल तर ही एक चिंधी पूर या विषयावरच्या चार पानांच्या बरोबरीची आहे.

पाण्याचा फोटो काढताना शटर स्पीड, म्हणजे शटर किती वेळ उघडं राहणार ते, आधी ठरवा, बाकी नंतर. १/१००० सेकंदाला थेंब हवेत थांबतात. १/४ ते १ सेकंदात पाणी वाहतं पण त्याच्या रेघा, त्याचा पोत टिकतो. १० ते ३० सेकंद ठेवलं की दूध होतं. दुधाळ पाण्याचा मला खरं सांगू तर कंटाळा आलाय, कारण त्यात जगातली कुठलीही नदी कुठलीही दुसरी नदी वाटते, पण डोह असेल, वर फेस गोल गोल फिरत असेल तर तिथे लांब एक्स्पोजर घ्याच, फेसाची चक्रं उमटतात. दिवसा उजेडात एवढा वेळ शटर उघडं ठेवायचं तर एनडी फिल्टर, म्हणजे लेन्सवर लावायची काळसर काच, लागतो, ६ स्टॉपचा उजेड ६४ पटींनी कमी करतो आणि १० स्टॉपचा साधारण १००० पटींनी, म्हणजे १/३० सेकंदाचं एक्स्पोजर अर्ध्या मिनिटावर जातं. ट्रायपॉडचे पाय वाळूत आधीच दाबून रोवा नाहीतर मध्येच खचतो.

पोलरायझर नावाच्या फिल्टरने पाण्यावरची चमक जाते आणि तळ दिसतो, पाण्याच्या पृष्ठभागाशी साधारण ३७ अंशांच्या कोनातून बघितलं तर सगळ्यात जास्त. पण तो लावून ठेवायची सवय लावू नका, कारण खोऱ्यातला सगळ्यात सुंदर रंग बहुतेक वेळा त्या चमकेतच असतो. ट्रिक अशी: तुम्ही आणि पाणी सावलीत, पण समोरचा कडा उन्हात, अशी वेळ शोधा. सकाळी आणि संध्याकाळी ती मिळतेच, ते वर सांगितलेलं मुठीचं गणित इथे कामी येतं. उन्हातल्या कड्याचं सोनेरी प्रतिबिंब सावलीतल्या निळसर पाण्यात पडतं, आणि पाणी वाहतं असेल तर दोन्ही रंग एकमेकांत मिसळत राहतात. आकाश आणि कडा फ्रेममधून सरळ काढून टाका, फक्त पाणी घ्या.

कान

'उथळ पाण्याला खळखळाट फार' हे आपण माणसांबद्दल म्हणतो पण पाण्याबद्दलही ते अगदी खरं आहे. वाहत्या पाण्याचा आवाज मुख्यतः त्यात अडकलेल्या हवेच्या बुडबुड्यांचा असतो, पाणी दगडांवर आपटून हवा आत ओढतं तिथे आवाज, आणि खोल डोहात बुडबुडेच नाहीत म्हणून शांतता. त्यामुळे डोळे मिटून काठाने चाललं, अर्थात कुणाचा तरी हात धरून, तर नदीचा तळ कानांनी वाचता येतो. फोनवर दोन-दोन मिनिटांचं रेकॉर्डिंग करा, एक गोट्यांवरचं, एक डोहाजवळचं, एक पुलाखालचं. घरी लिहायला बसल्यावर फोटोपेक्षा हे जास्त कामाला येतं हे नक्की. आणि झुळझुळ, खळखळ हे तयार शब्द लगेच लावू नका, आधी ऐका, पुलाखाली ती बऱ्याचदा झुळझुळत नाही, घुमते.

रात्री नदी मोठ्याने वाहते असं वाटतं ना, त्याला कारण आहे. एक तर बाकीचे आवाज बंद झालेले असतात, आणि तळाशी थंड व वर उबदार हवा असल्यामुळे आवाज वर निसटून न जाता वाकून परत खाली येतो. दिवसा न ऐकू येणारा लांबचा धबधबा रात्री ऐकू येतो तो यामुळे.

लिहिणाऱ्यांनी जुन्या लोकांकडून काय उचलावं

इंग्लंड आणि वेल्सच्या सीमेवरच्या वाय नदीच्या खोऱ्याची गोष्ट सांगतो कारण त्यात करावं आणि करू नये दोन्ही आहे. विल्यम गिल्पिन नावाचा एक पाद्री १७७० मध्ये होडीतून ही नदी फिरला आणि १७८२ मध्ये त्याने त्यावर पुस्तक छापलं, निसर्ग चित्रासारखा कसा बघावा यावर. लोकांनी ते डोक्यावर घेतलं, वायची सहल ही फॅशन झाली. टिंटर्नच्या जुन्या मठाचे अवशेष बघून या गृहस्थाने लिहिलं की भिंतींची टोकं फारच नीटनेटकी आहेत, कुणी विचारपूर्वक हातोडा चालवला तर बरं दिसेल! त्या काळचे पर्यटक खिशात छोटा काळसर फुगीर आरसा ठेवायचे आणि दृश्याकडे पाठ करून ते आरशात बघायचे, म्हणजे ते जुन्या चित्रासारखं दिसायचं. दृश्याकडे पाठ करून हातातल्या चौकटीत बघणं, ओळखीचं वाटतंय का?

त्याच खोऱ्यात इंग्रज कवी विल्यम वर्ड्‌स्वर्थ आधी १७९३ मध्ये आला होता आणि मग पाच वर्षांनी १७९८ च्या जुलैमध्ये बहिणीबरोबर परत आला. टिंटर्न सोडताना त्याने कविता सुरू केली आणि चार-पाच दिवसांच्या भटकंतीनंतर ब्रिस्टलमध्ये शिरताना संपवली, आणि तोवर एक ओळही कागदावर उतरवली नव्हती असं त्याने स्वतःच सांगून ठेवलंय. सगळी चालता चालता डोक्यात. कविता लांबलचक आहे, तेव्हा एवढं कुणाला जमेल असं मी म्हणत नाही, पण तत्त्व घेण्यासारखं आहे: नदीकाठी एक किलोमीटर चाला, वही खिशातून काढायची नाही, फोन नाही, एकच ओळ मनात घोळवायची आणि पावलांच्या तालावर ती बदलत राहायची. शेवटी बसून लिहा. जी ओळ चालताना टिकली नाही ती गेली तर गेली, तिच्यात दम नव्हता. दुसरी गोष्ट, पाच वर्षांनी तीच जागा. नदी साधारण तीच, आपण वेगळे, त्यातला फरक हा त्या कवितेचा खरा विषय आहे. म्हणून नव्या नव्या नद्या गोळा करण्यापेक्षा एकाच नदीच्या एकाच वळणावर वेगवेगळ्या ऋतूंत जाणं मी तरी जास्त कामाचं मानतो, फोटोसाठी पण आणि लिहिण्यासाठी पण.

शब्द कसा बदलावा हे जपानी हायकूकार बाशोकडून शिकावं. १६८९ च्या प्रवासात तो जपानमधल्या मोगामी नदीपाशी आला, पावसाचे दिवस, होडीसाठी थांबावं लागलं. तिथल्या बैठकीत त्याने हायकू केला त्यात महिनाभराचा पाऊस गोळा करून वाहणारी मोगामी 'शीतल' होती. यजमानांसमोर म्हणायला गोड शब्द आहे. मग तो त्या फुगलेल्या नदीत होडीतून प्रत्यक्ष गेला, आणि पुढे प्रवासवर्णनात तोच हायकू आला तो 'शीतल'च्या जागी 'वेगवान' घेऊन. बाकी सगळं तसंच. काठावर बसून नदी थंडगार वाटते आणि पाण्यात उतरलं की ती ओढते, हे शरीराला कळल्यावरच शब्द बदलला. तेव्हा तुमच्या मसुद्यातलं प्रत्येक विशेषण धरा आणि विचारा, हे काठावरून लिहिलंय की पाण्यातून.

आणि न सांगता सांगायचं असेल तर आपल्याच मराठीच्या आजीकडे, महाराष्ट्री प्राकृतात, चला. हाल सातवाहनाच्या नावावर असलेल्या गाथांच्या संग्रहात एक बाई एका धार्मिक गृहस्थाला म्हणते, खुशाल फिर बाबा, तो कुत्रा आज मेला, गोदाकाठच्या झाडीत राहणाऱ्या माजलेल्या सिंहाने मारला त्याला. वरवर धीर देतेय. पण कुत्र्याला घाबरणारा माणूस सिंहाच्या झाडीकडे कशाला फिरकेल, आणि ती झाडी तिला मोकळी हवीय कारण तिथे तिला कुणाला तरी भेटायचंय. यातलं एकही वाक्य तिने उच्चारलेलं नाही. नवव्या शतकात काव्यशास्त्रकार आनंदवर्धनाने ध्वनी म्हणजे सूचित अर्थ कसा असतो हे दाखवायला हीच गाथा घेतली. यात नदीचं वर्णन किती आहे? झाडी आणि काठ, बस. नदी सुंदर आहे असं कुणी म्हणतच नाही, ती आडोसा देते आणि गोष्ट घडते. कथा लिहिणाऱ्यांनी हे भिंतीवर लावून ठेवावं, खोऱ्याला बॅकड्रॉप करण्यापेक्षा त्याला काहीतरी काम द्या, लपवायचं, अडवायचं, वाहून न्यायचं, उशीर करायचं.

खोरं रिकामं नसतं

नावाडी, मासेमारी करणारे, गुरं चारणारे, वाळू काढणारे, पंप बसवणारे, यांच्याशी बोला. त्यांच्याकडे प्रत्येक डोहाला, खडकाला नाव असतं जे नकाशावर नसतं, आणि ते नाव का पडलं याची एक गोष्ट असते, बऱ्याचदा कुणीतरी बुडाल्याची. 'पाणी कुठवर आलं होतं' हा प्रश्न विचारला की लोक हाताने दाखवतात, तो हात बघा. फोटो आणि गोष्ट दोन्हीसाठी आधी विचारा, आणि काढलेला फोटो त्यांना पाठवा, हे राहून जातं सगळ्यांचं.

कार्लटन वॉटकिन्सने १८६१ मध्ये अमेरिकेतल्या योसेमिटी खोऱ्याचे प्रचंड मोठ्या काचेच्या प्लेटांवर फोटो काढले, ते बघून वातावरण तयार व्हायला मदत झाली आणि १८६४ मध्ये लिंकनने ते खोरं राखून ठेवण्याच्या कायद्यावर सही केली. फोटोने खोरं वाचवायला हातभार लावला, ही झाली एक बाजू. दुसरी बाजू अशी की त्या खोऱ्यात पिढ्यान्‌पिढ्या राहणाऱ्या मूळ लोकांना तिथून हुसकावायला १८५१ मध्येच सशस्त्र तुकडी शिरली होती, आणि फोटोंमधून दिसलं ते मात्र कुणीच न राहणारं, निर्मळ खोरं. म्हणून फ्रेममधून विजेची तार, सिमेंटचा बंधारा, सांडपाण्याचा पाइप काढून टाकायच्या आधी एक फोटो त्यांच्यासकट घ्या. वर्ड्‌स्वर्थच्या वेळी वायच्या काठी लोखंडाच्या भट्ट्या होत्याच, आणि त्याच्या कवितेत झाडांतून वर चढणारा धूर आहे, म्हणजे त्याने पण पूर्ण पुसलं नाही.

सुरक्षेचं थोडक्यात. वर धरण असेल तर इथे पाऊस नसताना, आकाश निळं असतानाही पाणी अचानक वाढू शकतं, भोंगा आणि बोर्ड गांभीर्याने घ्या. वरच्या डोंगरांत पाऊस असेल तरी तेच. पाणी एकदम गढूळ झालं, काटक्या-पाला वाहायला लागला की ट्रायपॉड उचला आणि वर, 'एकच शॉट' नाही. शेवाळलेल्या दगडावर कॅमेरा गळ्यात घालून उड्या मारू नका. एकटे असाल तर कुणाला तरी सांगून जा, तळाशी रेंज बऱ्याचदा नसते.

परत आल्यावर

फोटो त्याच दिवशी कॉपी करा पण निवड दोन-तीन दिवसांनी करा, लगेच केली की मेहनतीचे फोटो चांगले वाटतात. मालिका करायची असेल तर उगमाकडून खाली हा क्रम सगळेच घेतात, एकदा मुखाकडून वर जाऊन बघा, नदी लहान होत जाते आणि वाचणारा कुठे पोचणार याची उत्सुकता टिकते. बारा फोटो पुरे, साठ नकोत, आणि फोटोखाली फोटोत दिसतंय तेच लिहू नका. फोटोत डोह असेल तर खाली त्याचं नाव किंवा तिथला आवाज लिहा. प्रत्येक नोंदीवर तारीख, वेळ आणि पाण्याची पातळी, एखाद्या ठरलेल्या खडकाच्या खुणेने, लिहून ठेवा, पुढच्या ऋतूत तुलना करताना तेवढंच हाताला लागतं.

लोकेशन टॅगचं मात्र सांभाळा. नदीतल्या वाळूच्या बेटांवर काही पक्षी उघड्यावर अंडी घालतात, ती गोट्यांसारखीच दिसतात, पाय पडेपर्यंत कळत नाही, आणि एक फोटो व्हायरल झाला की पुढच्या सुट्टीला तिथे पन्नास माणसं उतरतात. नदीचं नाव आणि कुठला भाग एवढं लिहिलं तरी पुरतं, आणि फोन फोटोच्या फाइलमध्ये जीपीएस आपोआप लिहितो ते फोटो काढायच्या आधीच सेटिंगमध्ये जाऊन बंद करा.